सात नंबरचा सिलिंडर: जुन्या इनबोर्ड बोटीच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

बोट पाहून आलो. २६ फुटी, फायबरची, एकच इंजिन आणि सरळ शाफ्ट. इंजिन ५.७ लिटरचं व्ही-८, पेट्रोलवर चालणारं, कार्बुरेटरवालं. जनरल मोटर्सचा हा ३५० घनइंची ब्लॉक मर्क्रूझर आणि व्होल्व्हो पेंटा या दोघांनीही आपापला रंग देऊन वर्षानुवर्षं बोटींत बसवला. जुन्या बोटीचं झाकण उघडल्यावर हा ब्लॉक दिसला की निम्मी काळजी मिटते, कारण सुटे भाग मिळतात आणि मिस्त्रीला नव्याने शिकवावं लागत नाही.

उरलेली निम्मी काळजी पाण्याची. हे इंजिन थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होतं, मध्ये हीट एक्स्चेंजर नाही. खारं पाणी सरळ ब्लॉकमधून, मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांचा धूर गोळा करणारी बिडाची नळी), राइझरमधून (मॅनिफोल्डवरचं उंच बिडाचं वळण, जिथून धूर आणि पाणी बाहेर जातात) फिरतं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. म्हणजे सगळं आतून खाल्लं जातं, आणि बाहेरून रंग छान दिसतो.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा मॅनिफोल्डला हात लावला, तर कोमट. "सकाळी जरा फिरवून घेतलं, तुमचा खोळंबा नको म्हणून." बरं. थंड इंजिन कसं उठतं ते बघायला पुन्हा यावं लागणार.

तोवर हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, ठोकून पाहिला. प्लॅस्टिकचा हातोडा घेऊन तळापासून वरपर्यंत ठोकत गेलं की चांगल्या फायबरचा आवाज कडक येतो आणि आतलं लाकूड कुजलेलं असेल तिथे 'ढब्ब' येतो. इंजिनाखालच्या लांब तुळया सगळ्यात महत्त्वाच्या, कारण इंजिनाचे पाय त्यांनाच धरून असतात. त्या कडक निघाल्या. मागच्या शिडीच्या बोल्टभोवती वीतभर जागा मऊ आहे, ती चालेल.

ऑइलची काडी काढली. ऑइल मधासारखं स्वच्छ. दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं, असतं तर तिथेच नमस्कार करून निघालो असतो, पण इतक्या ताज्या ऑइलवरून काहीच कळत नाही. बदलून चार दिवस झाले असावेत.

१८ जानेवारी

आज इंजिन खरोखर थंड होतं. इंजिनखणातली वाफ बाहेर काढणारा ब्लोअर पाच मिनिटं चालवला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचून राहते, त्यामुळे इनबोर्डला हे केल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नसतो. मग स्टार्टर मारला.

दुसऱ्या झटक्याला उठलं, पण एका सिलिंडरवर मिसिंग, म्हणजे तो नीट पेटत नव्हता. पहिली तीन-चार मिनिटं बोट अंगातून थरथरत होती, मागून धुराबरोबर जरा जास्तच वाफ येत होती, आणि मग हळूहळू सगळं सुरळीत झालं. विकणारा म्हणाला, "जुनं इंजिन आहे, तापलं की ठीक होतं." गेल्या वेळी ते कोमट का होतं ते आता कळलं.

त्याची परवानगी घेऊन कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, बघितलं. आठही प्लग काढून पुठ्ठ्यात ओळीने खोचले, कॉइल सोडवली, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि पुन्हा ब्लोअर. आकडे पीएसआयमध्ये:

१ – १५०, ३ – १४८, ५ – १४५, ७ – ९५
२ – १५२, ४ – १५०, ६ – १४७, ८ – १५०

सात नंबर म्हणजे डाव्या ओळीतला सगळ्यात मागचा. प्लगांवर नजर टाकली असती तरी आकड्यांची गरज पडली नसती. सात प्लग करड्या-तपकिरी रंगाचे, आणि हा एक शेवटच्या आट्यापर्यंत गंजलेला, चिनीमातीवर पांढुरक्या खाराची पुटं. पेट्रोलने प्लग काळा होतो, ऑइलने तेलकट होतो. गंजायला पाणीच लागतं.

पाच आणि सात असे शेजारी-शेजारी दोन्ही पडले असते तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलंय असं धरलं असतं. इथे सात एकटाच आहे. प्लगच्या भोकातून दोन चमचे ऑइल सोडून पुन्हा मोजलं, काटा १०० च्या आसपासच राहिला. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून काटा चांगलाच वर गेला असता. म्हणजे गळती वर आहे, व्हॉल्व्हला.

मिस्त्रीकाकांना फोन करून आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "व्हॉल्व्ह गेलाय ते झालंच. पण पाणी कुठून आलं ते आधी शोध. नाहीतर नवा व्हॉल्व्ह टाकशील आणि पुढच्या वर्षी मलाच परत फोन करशील."

२६ जानेवारी

पाण्यावर चाचणी. विकणारा सुकाणूवर, मी इंजिनाच्या झाकणापाशी, भाचा वहीत आकडे लिहायला.

दोन तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या. पहिली उष्णतेची: १५०० आरपीएमला काटा शांत, २८०० ला तो सरकायला लागला आणि ८५ अंशांच्या पुढे जाताना मी वेग कमी करायला लावला. कमी वेगाला ठीक आणि जास्त वेगाला गरम याचा अर्थ पाणी येतंय, पण पुरेसं येत नाहीये.

दुसरी दमाची. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर ३५०० पर्यंत पोचतं, आणि थोड्या वेळाने कोणीतरी मागून धरल्यासारखं खाली बसतं. वेग कमी केला की सुधारतं. मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल केलं, तर आत हवा ओढल्याचा लांब 'सुSSस' आवाज आला आणि इंजिन थोडं मोकळं झालं. पूर्ण नाही, थोडं.

विकणाऱ्याने मागच्या दोन वर्षांच्या पावत्या दाखवल्या: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर कॅप, प्लगच्या वायरी, कार्बुरेटरचं किट, पुन्हा प्लग. सगळा खर्च ठिणगीवर. राइझर कोणी उघडल्याची एकही पावती नाही. तक्रार 'मिसिंग' म्हणून आली की ट्यूनिंग करून द्यायचं, ही जुनी खोड आहे. खाऱ्या पाण्यात राइझर अधूनमधून उघडून बघायचा असतो, आणि हे बोटीबरोबर आलेले असावेत असं दिसतंय.

२ फेब्रुवारी

व्यवहार झाला. कॉम्प्रेशनचा कागद आणि गंजलेला प्लग टेबलावर ठेवून बोललो. घासाघीस फार करावी लागली नाही. मागितलेल्या किमतीतून जवळपास तिसरा हिस्सा उतरला. पैसे देण्याआधी ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर, कोरलेला हल क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक कागदांशी अक्षर-अक्षर जुळवून घेतले. बोट ट्रेलरवर चढवून आणली.

९ फेब्रुवारी

आधी पाणी शोधायचं, म्हणून डावा राइझर काढायला घेतला. बोल्टना आदल्या दिवसापासून गंज सोडवणारं तेल पाजत होतो. तीन सुटले, चौथ्याचं डोकं रिंग पान्यात गोल व्हायला लागलं. थांबून ब्लोटॉर्चने राइझरचा कान तापवला, बोल्ट नाही, आणि गरम असतानाच पाना फिरवला. कुरकुर करत आला. भाच्याला तापवायचं काम भलतंच आवडलं. पेट्रोलची टाकी, होज आणि फिल्टर आधीच बाहेर काढून ठेवले होते, नाहीतर बोटीत ज्योत पेटवायचा प्रश्नच नव्हता.

राइझर उचलला आणि उत्तर समोर. गॅस्केटवर पाण्याच्या भोकापासून धुराच्या भोकापर्यंत तपकिरी पट्टा, करंगळीएवढा रुंद. त्याच जागी बिडाच्या तोंडाला नाळ पडली होती, नख आत बसेल इतकी खोल. इंजिन चालू असताना धुराचा जोर पाणी मागे फेकत असणार. बंद केलं की राइझरमध्ये उरलेलं पाणी त्या नाळेतून मॅनिफोल्डमध्ये उतरतं, आणि मागच्या टोकाला सगळ्यात जवळ कोण, तर सात नंबर. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर पाणी सरळ सिलिंडरमध्ये. रात्रभर तिथे बसायचं, आणि सकाळी मिसिंग.

नशीब की थेंब-थेंबच जात होतं. कपभर पाणी पिस्टनवर साचलं असतं आणि स्टार्टर मारला असता, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

राइझरच्या पाण्याच्या वाटा तारेने चाचपल्या. चारपैकी दोन गंजाच्या खपल्यांनी जवळजवळ बुजलेल्या. म्हणजे उष्णतेच्या तक्रारीतला एक वाटेकरीही इथेच सापडला.

१० फेब्रुवारी

मॅनिफोल्ड तपासले. खालची भोकं लाकडी गुल्ल्यांनी बंद करून पाण्याच्या पोकळीत रॉकेल भरलं आणि धुराच्या बाजूला विजेरी धरून बसलो. पाण्यापेक्षा रॉकेल बारीक फटीतून लवकर झिरपतं. उजवा कोरडा. डाव्याला अर्ध्या तासाने मागच्या पोर्टपाशी ओलसर रेघ.

दोन्ही मॅनिफोल्ड आणि दोन्ही राइझर नवे घेतोय. उजवा आज पास झाला हे खरं, पण त्याने तितकंच मीठ खाल्लंय. राइझरचं वरचं टोक भरलेल्या बोटीच्या पाणरेषेच्या किमान १३ इंच वर हवं, असा नियम आहे. पाणरेषेच्या खुणेवरून मोजलं, १५ भरलं. त्यामुळे मागून लाटेचं पाणी शिरत होतं ही शंका मिटली, उंची वाढवायचे तुकडे घालायची गरज नाही.

१६ फेब्रुवारी

डावं हेड उतरवलं. त्यासाठी वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागतो, म्हणजे डिस्ट्रिब्युटरही. रोटर कुठे बघतोय त्याची खूण बल्कहेडवर खडूने केली. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवार खोचले; जो जिथे झिजलाय तो तिथेच परत जायला हवा.

सात नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह: बसण्याच्या कडेला खड्डे, एका जागी कड जळून चंद्रकोर पडलेली. पाण्याने सीट गंजली, मग व्हॉल्व्ह नीट बसेना, मग फटीतून जाळ जाऊ लागला. क्रम अगदी सरळ आहे.

खरी धाकधूक सिलिंडरच्या भिंतीची होती. पिस्टन खाली नेऊन पुसलं. वरच्या भागात गंजाची आडवी फिकट रेघ, पाणी बसलं होतं तिथे. नख वरून खाली ओढलं, कुठेही अडकलं नाही. डाग आहे, खड्डा नाही. नख अडकलं असतं तर ब्लॉक बाहेर काढून बोअरिंग, आणि मग या नोंदींचा विषयच बदलला असता.

२२ फेब्रुवारी

हेड लेथवाल्याकडे दिलं. सातचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट नवी, बाकी सगळे व्हॉल्व्ह घासून बसवायचे, सगळी सील नवी, हेड फेस करायचं, म्हणजे त्याचा तळ सपाट करून घ्यायचा. भाच्याचा प्रश्न: "मामा, उजवं हेड पण आत्ताच का नाही करत?" त्या बाजूचे चारही आकडे १४७ ते १५२ मध्ये आहेत. चांगलं बसलेलं हेड उचकटून नवं गॅस्केट टाकण्याने काही सुधारत नाही. मिस्त्रीकाकांचं मत वेगळं आहे, त्यांच्या मते एका बाजूची चादर उचलली की दुसरीही झटकावी. मी ऐकून घेतलं आणि उजवं हेड तसंच ठेवलं.

१ मार्च

पाण्याचा पंप उघडला. इम्पेलरच्या सहा रबरी पात्यांपैकी दोन बुडातून तुटलेली, उरलेली एका बाजूला वाकून कडक झालेली.

नवा इम्पेलर पाच मिनिटांत बसतो. वेळ लागतो तुटलेली पाती शोधायला. ती विरघळत नाहीत, पाण्याबरोबर पुढे जाऊन पहिल्या अरुंद जागी अडकतात. या इंजिनात पंपातून पाणी आधी गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरमध्ये जातं. कूलरच्या तोंडाशी पहिलं पातं आडवं बसलेलं, आणि त्याच्यामागे शेवाळ, शिंपल्यांचा चुरा आणि कसल्यातरी पिवळ्या प्लॅस्टिकचा तुकडा. म्हणजे पातं चाळणीचं काम करत होतं. दुसरं पातं थर्मोस्टॅटच्या घरात निघालं. दोन्ही हातात आल्यावरच होज परत जोडले.

ब्लॉकला दोन्ही बाजूंना, ऑइल पॅनच्या जरा वर, पितळी ड्रेन प्लग असतात. डावा उघडला, तर थेंबसुद्धा नाही. जुन्या ब्लॉकमध्ये 'पाणी नाही' याचा अर्थ भोक गाळाने बुजलंय. तारेने टोचत राहिलो. आधी तपकिरी चिखल सोंडेसारखा बाहेर आला, मग वाळू, मग एकदम काळं पाणी. उजव्या बाजूलाही तेच. थर्मोस्टॅटच्या जागेतून नळाचं पाणी सोडून खालून निवळ येईपर्यंत ब्लॉक धुतला.

जुना थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून पाहिला. ८० अंशांच्या पुढे उघडायला लागला. म्हणजे कोणीतरी मोटारीचा बसवला होता. थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाला ६० अंशांचा लागतो, कारण पाणी जितकं जास्त तापेल तितके क्षार ब्लॉकच्या आत जमत जातात. नवा ६० चा बसवला.

१५ मार्च

हेड आलं, बसवलं. या ब्लॉकमध्ये हेडचे बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात, म्हणून प्रत्येकाच्या आट्यांना सीलंट लावावंच लागतं, नाहीतर आट्यांमधून पाणी वर चढतं. एका हेडला १७ बोल्ट, तीन लांबींचे. मधून सुरू करून गोल-गोल बाहेर जायचं: पहिल्या फेरीत २५ फूट-पाउंड, दुसरीत ४५, तिसरीत ६५. गॅस्केट मरीन जातीचं घेतलं. मोटारीचं दिसायला तसंच असतं, पण खाऱ्या पाण्यात त्याची कड लवकर सुटते.

व्हॉल्व्हची फट शून्य करून वर पाऊण फेरा. रोटर खडूच्या खुणेवर बरोबर आला.

वायरी जोडताना फायरिंग ऑर्डर: १-८-४-३-६-५-७-२. इथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, बोटींत हेच इंजिन उलट्या दिशेने फिरणारंही मिळतं, मुख्यतः दोन इंजिनांच्या जोडीतलं, आणि त्याचा क्रम वेगळा असतो. हे सरळ फिरणारं आहे, स्टार्टर मारून खात्री केली होती. दोन, पाच आणि सात लागोपाठ पेटतात आणि शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर समांतर गेल्या तर पाचची ठिणगी सातमध्ये अवेळी उमटू शकते. मधे क्लिप लावून त्या वेगळ्या केल्या. सात नंबरने आधीच पुरेसं सोसलंय.

पॉइंट ठेवलेत. इलेक्ट्रॉनिक करून घे असं सगळे सांगतात, पण चालू असलेल्या गोष्टीवर मला आत्ता खर्च करायचा नाही. पॉइंट बिघडले तर भर पाण्यात कानशीच्या पात्याने घासून घरी येता येतं.

१६ मार्च

ठिणगीवरून आठवलं म्हणून स्टार्टरकडे पाहिलं आणि अंगावर काटा आला. मागच्या बाजूला उघड्या फटी. मोटारीचा स्टार्टर आहे. मरीन स्टार्टर आणि अल्टरनेटर अशा रीतीने बंद केलेले असतात की आतल्या ब्रशची ठिणगी बाहेरच्या वाफेला लागत नाही; एसएई जे११७१ हे त्याचं मानक. दिसायला, बोल्टच्या अंतराला, फिरायला दोन्ही सारखेच, आणि मोटारीचा स्वस्त, म्हणून कोणीतरी टाकून गेलं. अल्टरनेटर मात्र मरीनच निघाला, मागे बारीक जाळी आहे. स्टार्टर त्याच दिवशी काढून टाकला, नवा आला की बसवेन. कार्बुरेटर मूळचाच आहे, त्याच्या श्वासनळ्या आतल्या बाजूला वळलेल्या आहेत, म्हणजे पेट्रोल उतू गेलं तरी ते इंजिनात जातं, तळात नाही. त्यावरची ज्वालारोधक जाळी रॉकेलमध्ये धुऊन सुकवली.

२९ मार्च

टाकी. जुनं पेट्रोल उपसलं, वॉर्निशसारखा वास. टाकीचा श्वास घ्यायचा पाइप हलच्या बाजूला एका छोट्या जाळीपाशी बाहेर येतो. जाळी काढली तर मागे मातीचं घर, कुंभारमाशीने बांधलेलं, आत वाळलेल्या अळ्यांसकट. पेट्रोल बाहेर जातंय पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, मग टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढून थकतो. त्या दिवशीच्या 'सुSSस'चा हा उलगडा.

पण झाकण उघडूनही तेव्हा दम पूर्ण आला नव्हता, त्यामुळे इथे अजून काहीतरी आहे. होज सगळे बदलले. जुन्यांचं आतलं अस्तर सुटायला लागलं होतं. नव्यांवर 'ए१' छापलंय ते पाहूनच घेतले, इंजिनखणात तोच दर्जा लागतो. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये व्हॅक्यूम गेज लावायला एक टी बसवून ठेवली.

६ एप्रिल

शाफ्टची कामं, बोट ट्रेलरवर असतानाच. पंखा (प्रोपेलर) धरून शाफ्ट वर उचलला तर कटलस बेअरिंगमध्ये, म्हणजे पंख्याजवळ शाफ्टला धरणाऱ्या रबरी अस्तराच्या बेअरिंगमध्ये, डोळ्याला दिसेल इतका खेळ. आतल्या रबराच्या खाचा एका बाजूला सपाट झालेल्या. जुनं बेअरिंग लांबीत आरीने कापून काढलं, ब्रॅकेटच्या पितळेला दात लागू न देता. हे संथ काम, त्यात शूरपणा नको.

शाफ्ट हलमधून बाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या स्टफिंग बॉक्सचं जुनं पॅकिंग आकड्याने ओढून काढलं. दगड झालं होतं. नवी फ्लॅक्सची कडी शाफ्टवरच गुंडाळून मापाने कापली आणि प्रत्येकीचा सांधा आधीच्या कडीच्या सांध्यापासून फिरवून बसवला. बाकीचा धातू गंजू नये म्हणून आधी स्वतः झिजणारं झिंक निम्म्यापेक्षा जास्त झिजलं होतं, नवं लावलं.

शाफ्टची सरळ रेषा आज बघितली नाही. ट्रेलरवर हल वेगळा बसतो, पाण्यात वेगळा.

१९ एप्रिल

काल बोट पाण्यात उतरली. नवा स्टार्टर बसवला आहे. ब्लोअर, आणि किल्ली. इंजिन थंड, मिसिंग नाही, वाफ नाही. टायमिंग लाइटवर पुस्तकाप्रमाणे ८ अंश ठेवलं. उतरवण्याआधी कॉम्प्रेशन घेतलं होतं: सात नंबर १४८.

पॅकिंगचा नट शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडतील इतपत घट्ट केला. काही लोकांना एकही थेंब नको असतो. मग पॅकिंग कोरडं घासून शाफ्टलाच खाच पाडतं.

२१ एप्रिल

हल तीन दिवस पाण्यात बसला, म्हणून आज गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग. चार बोल्ट काढून दोन्ही तबकड्या एकमेकींजवळ आणल्या आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज घातलं. खाली ०.०११ इंच, वर शून्य. या आकाराच्या कपलिंगला ०.००३ च्या वर नको. इंजिनाचे पुढचे दोन्ही पाय थोडे-थोडे खाली घेत गेलो, दर वेळी नट कसून पुन्हा मोजत. नट कसला की आकडा बदलतो, त्यामुळे सैल नटावर घेतलेल्या मापाला अर्थ नाही. शेवटी चारही बाजूंना ०.००३ च्या आत.

भाचा कंटाळून धक्क्यावर जाऊन झोपला होता.

२६ एप्रिल

पाण्यावर चाचणी. उष्णता ६३ ते ६५ अंशांवर शांत, २८०० ला आणि ३४०० लाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही राइझर मोजले, फरक तीन-चार अंशांचा. म्हणजे दोन्ही बाजूंना पाणी सारखं जातंय.

दम मात्र ३८०० ला पुन्हा अडकला. व्हॅक्यूम गेजकडे पाहिलं: ५ इंच पारा. पूर्ण थ्रॉटललाही हा आकडा २ च्या आत राहायला हवा. पंप जोरात ओढतोय आणि टाकी देत नाहीये. नवे होज, नवा फिल्टर, मोकळा श्वास, मग मध्ये राहिलं काय? टाकीच्या तोंडाचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह.

हा बोटाच्या पेरापेक्षा लहान पितळी तुकडा असतो, आत स्प्रिंग आणि गोळी. होज तुटला तर टाकीतलं पेट्रोल आपोआप तळात ओघळू नये म्हणून. परत आल्यावर काढला. गोळीवर वॉर्निशचा तपकिरी थर, फुंकर मारली तर कष्टाने हवा जाते. धक्क्यावरच्या एकाने सल्ला दिला, गोळी काढून टाक, सगळे तेच करतात. सगळे करत असतील. माझ्या इंजिनाखाली पेट्रोलचं तळं होऊ नये म्हणून तो तिथे बसवलाय. नवा आणला.

२७ एप्रिल

व्हॅक्यूम दीड इंच. दम शेवटपर्यंत टिकतो. पूर्ण थ्रॉटलला ४०५०.

पुस्तकातली हद्द ४००० ते ४४००. हद्दीत आहे, पण आज बोटीत आम्ही दोघंच होतो आणि टाकी पाव भरलेली. भरली टाकी आणि चार माणसं झाली की ४००० च्या खाली जाईल, आणि मग इंजिन उंच गिअरवर चढावर ओढल्यासारखं दमेल. पंख्याचं पिच (एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) एक इंचाने कमी केलं की साधारण २०० आरपीएम वर येतात. पंख्याच्या एका पात्याची कडही वाकलेली आहे, १९०० च्या आसपास जी बारीक थरथर उरली आहे ती त्याचीच असावी.

पुढची कामं: पंखा काढून पिच बदलायला आणि तोलायला द्यायचा. दहा तास चालल्यावर ऑइल बदलायचं आणि जुन्या ऑइलचा नमुना सोडियमसाठी, म्हणजे त्यात खारं पाणी आलंय का ते, तपासायला पाठवायचा. त्याच वेळी राइझरचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा टॉर्क करायचे.